पंखांचा वाघ भरताना

माझे मामा हवाई दलातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या स्क्वाड्रनने, म्हणजे विमानांच्या तुकडीने, निरोप देताना त्यांना एक लाकडी फळी दिली होती. वीतभर उंचीच्या त्या फळीवर स्क्वाड्रनचे मानचिन्ह रंगवलेले होते आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या घरी सोप्यातल्या भिंतीवर, आजोबांच्या तसबिरीशेजारी, ती अनेक वर्षे टांगलेली होती. बेळगावचा पाऊस भिंतींना सोडत नाही. खालून ओल चढत गेली, फळी फुगली, रंगाचे पापुद्रे सुटले आणि मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मामा ती टॉवेलात गुंडाळून वडगावला माझ्या भरतकामाच्या दुकानात घेऊन आले. "बघ गे, हे तुझ्या मशीनवर होईल काय?" एवढेच ते म्हणाले. मी हो म्हटले. काम हातावेगळे व्हायला दीड महिना लागला आणि त्यातले मशीनवरचे काम जेमतेम तीन दिवसांचे होते. बाकीचा सगळा वेळ त्या चिन्हातली कोणती गोष्ट कुठे आणि कशासाठी आहे हे समजून घेण्यात गेला.

आमचे घर विणकरांचे. शहापूर, वडगाव, खासबाग हा सारा पट्टा आधी हातमागाचा आणि नंतर यंत्रमागाचा. वडिलांच्या मागाच्या जागी मी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे मशीन बसवले आणि शाळांचे बिल्ले, कबड्डी संघांचे टी-शर्ट, साड्यांवरचे बुट्टे अशी कामे करू लागले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरातच असल्यामुळे माजी सैनिकांच्या मेळाव्यांच्या वेळी त्या पलटणीच्या चिन्हातले बिगुल अनेकांच्या ब्लेझरवर पाहिलेले होते. हलक्या पायदळाच्या तुकड्या विखरून आणि चपळाईने हालत, त्यांना ढोलापेक्षा बिगुलाचा इशारा सोयीचा पडे, म्हणून बिगुल त्यांची खूण झाले, हे मला ठाऊक होते. हवाई दलाच्या चिन्हाशी मात्र माझी ही पहिलीच गाठ होती.

मामांचे बालपण सांबऱ्याच्या धावपट्टीच्या कुंपणालगत गेले. तिथल्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या कवायतीचे आवाज ऐकतच ते मोठे झाले, पुढे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे कारागीर, म्हणून भरती झाले आणि नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी ग्वाल्हेरला १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मिराज २००० विमानांवर काढली. फळीवर याच स्क्वाड्रनचे चिन्ह होते. सर्वांत वर अशोकस्तंभाचे सिंह, खाली वर्तुळाकार पट्टी आणि तिच्याभोवती पानांची माळ, मधोमध पंख असलेला वाघ आणि तळाशी फितीवर ब्रीदवाक्य, 'एकता में शक्ति'. या स्क्वाड्रनला 'टायगर्स' म्हणतात.

पहिल्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा मामांनी काही काढू दिले नाही. विमानावर तीन तऱ्हेच्या खुणा असतात आणि त्यांची सरमिसळ करायची नाही, हे त्यांनी आधी समजावले. पहिली खूण देशाची. बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे वर्तुळ पंखांवर आणि अंगावर रंगवलेले असते, ते पाहून विमान कोणत्या राष्ट्राचे ते दुरून कळावे. रंगाची चूक इथे जिवावर बेतते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून आपल्या बाजूच्या विमानांच्या वर्तुळातला लाल रंगच काढून टाकण्यात आला होता, कारण घाईत आपल्याच माणसांनी आपल्याच विमानावर गोळी झाडू नये. दुसरी खूण तुकडीची, म्हणजे हे मानचिन्ह. तिला मंजुरी लागते, तिची चौकट ठरलेली असते आणि ती कोणाच्या आवडीनुसार बदलत नाही. तिसरी खूण वैमानिकांच्या आणि फिटरांच्या अंगावरचे पॅच. ते प्रसंगाप्रसंगाने निघतात, त्यांत विमानाचे चित्र चालते, इंग्रजी शब्द चालतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीनंतर मिग-२१ च्या एका स्क्वाड्रनच्या बाहीवर 'फाल्कन स्लेयर्स' असा पॅच दिसला होता, तो या तिसऱ्या जातीचा. "तू जे करणार आहेस ते दुसरे आहे, तिसरे नव्हे," असे त्यांनी मला बजावले.

ही चौकट कुठून आली ते मी नंतर वाचून काढले. ब्रिटिश हवाई दलाने १९३० च्या दशकात स्क्वाड्रनांच्या चिन्हांना शिस्त लावली. त्याआधी तुकड्या आपापल्या हौसेने चित्रे रंगवत. मग ती तपासण्यासाठी मानचिन्हशास्त्र जाणणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याची नेमणूक झाली आणि राजाच्या मंजुरीनंतरच चिन्ह अधिकृत ठरू लागले. वर मुकुट, मध्ये वर्तुळ, भोवती माळ, खाली ब्रीदवाक्याची फीत अशी सगळ्यांना एकच चौकट आणि तिच्या आत प्रत्येकाची स्वतंत्र आकृती. आपल्या हवाई दलाने हीच मांडणी पुढे चालवली आणि देश प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. चौकट सर्वांची आणि आतली आकृती एकट्याची, ही रचना मला फार आवडली. आमच्या साडीतही काठ-पदराची रीत ठरलेली असते आणि विणकराचा हात अंगातल्या नक्षीत दिसतो.

मग रंग. फळीवर पानांची माळ सोनेरी होती आणि वाघ पिवळा. रंगात ते खपून गेले होते, कारण रंगवणाऱ्याने दोहोंच्या मध्ये गडद रेघ ओढली होती. मी पहिला नमुना भरला तेव्हा सोनेरी जरीचा धागा आणि पिवळा रेशमी धागा दोन हातांवरून एकच दिसू लागले. वाघाच्या शेपटीचा शेंडा माळेत हरवला आणि मागचा पाय पानांतून उगवल्यासारखा दिसला. मानचिन्हांचा युरोपातला जुना नियम असा आहे की सोनेरी आणि रुपेरी हे धातू मानायचे, तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग मानायचे, आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. रणांगणात ढाल दुरून ओळखू यावी म्हणून तो नियम निघाला. वाचताना तो मला पोथीतल्या वचनासारखा वाटला होता. फ्रेममधला फसलेला नमुना हातात धरल्यावर त्याचे कारण डोळ्यांनीच कळले. मी वाघाचा धागा पिवळ्यावरून नारिंगीकडे नेला, त्याच्यामागची जमीन गडद निळ्या कापडाची ठेवली, आणि माळेसाठी चकचकीत जरीऐवजी जुन्या पितळेसारखा मंद सोनेरी धागा घेतला. तेव्हा कुठे वाघ माळेपासून सुटला.

पंखांनी त्याहून जास्त दमवले. माझ्याकडे फ्रेम बांधायला येणारी मुलगी कन्नड बोलणारी आहे. पडद्यावरची आकृती पाहून तिने विचारले, "हुलिगे रेक्के इरताव एन्री?" वाघाला पंख असतात का हो, असा तिचा प्रश्न होता. मी तिला कर्नाटकाच्या राज्यचिन्हातला गंडभेरुंड दाखवला. दोन तोंडांचा तो पक्षी सरकारी कागदांवर आम्ही रोज पाहतो आणि त्याला दोन तोंडे का, असे कधी कोणी विचारत नाही. आमच्या मराठी मुलखात किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, त्यातही असेच दोन प्राण्यांचे बळ एकत्र केलेले असते. सीमेवरच्या माणसाला ही भाषा दोन्ही बाजूंनी येते, असे मला वाटते. वाघाचा पंजा जमिनीवरच्या बळाचा, पंख आकाशाचे, आणि दोन्ही मिळून जे होते ते जंगलात नसले तरी लढाऊ विमानाच्या तुकडीला नेमके लागू पडते. संपूर्ण हवाई दलाच्या चिन्हात हिमालयातला गरुड आहे आणि खाली गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातले 'नभःस्पृशं दीप्तम्' हे शब्द आहेत. गरुडाला पंख निसर्गाने दिलेले आहेत. वाघाला ते जोडावे लागतात, आणि जोड नीट बसली नाही तर चिन्हाचा अर्थच तुटतो.

ती जोड कशी बसवली हे थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या कामाचा जीव तिथे होता. भरतकामात आकार रेषेने ठरतो त्याहून जास्त टाक्यांच्या दिशेने ठरतो. वाघाच्या अंगावरचे टाके मानेकडून शेपटीकडे, केसांच्या वळणाने जातात. पंखाची पिसे खांद्यापासून बाहेर पसरतात, म्हणजे त्यांचे टाके अंगाच्या टाक्यांना जवळजवळ आडवे येतात. दोन्ही दिशा खांद्यावर एकदम भिडल्या तेव्हा तिथे एक उभी चीर दिसू लागली, पंख वरून चिकटवल्यासारखा. मी खांद्याच्या जागी पिसांचा पहिला थर आखूड घेतला, त्याचे टाके अंगाच्या दिशेतच सुरू करून हळूहळू वळवले, आणि वाघाचे दोन काळे पट्टे पंखाच्या मुळात शिरतील असे ओढले. खालच्या आधाराचे टाके, ज्याला आम्ही अंडरले म्हणतो, तेही त्या जागी विरळ केले, नाहीतर कापड तिथे दगडासारखे कडक होते आणि सुई मोडते. चौथ्या नमुन्यात पंख खांद्यातून फुटल्यासारखा दिसला. मामांनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "विंग रूट बरोबर बसला." फिटरच्या तोंडून आलेला तो शब्द मला कोणत्याही शाबासकीहून मोलाचा वाटला, कारण विमानाचा पंख जिथे अंगाला मिळतो ती जागा त्यांनी आयुष्यभर तपासली होती.

अंतिम आकृतीचे पंचिंग, म्हणजे चित्राची टाक्यांची फाईल बनवण्याचे काम, मी बाहेर एका व्यावसायिकाकडे दिले. फाईल आली ती आरशातल्यासारखी उलटी. अक्षरे नंतर घालायची असल्यामुळे पडद्यावर काही खटकले नाही आणि पूर्ण वाघ भरून झाल्यावर, सुमारे ४० हजार टाके आणि सव्वा तास खर्ची पडल्यावर, तो फळीशेजारी ठेवला तेव्हा दोघांची तोंडे समोरासमोर आली. मला फार वाईट वाटले. मानचिन्हात प्राण्याने कुणीकडे पाहायचे हे ठरलेले असते. ढाल हातात धरलेल्या माणसाची उजवी बाजू मानाची मानतात, आणि ढालीवरचा प्राणी सहसा त्या बाजूला तोंड करून असतो, म्हणजे शत्रूकडे. पाठ फिरवलेला प्राणी पळाल्यासारखा दिसतो. ज्या फळीवरून आम्ही काम करत होतो तिच्यावरची दिशा हीच आमची सनद होती. तो वाघ मी बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतला.

ब्रीदवाक्याच्या बाबतीत मात्र चूक माझ्याच हातून झाली आणि ती मराठीमुळे झाली. मी 'शक्ती' असे दीर्घ लिहून ठेवले. शाळेत बाईंनी घोटवून घेतलेला नियम बोटांत बसलेला आहे, की मराठीत शब्दाच्या शेवटची इकार दीर्घ लिहायची. मामांनी फितीवर बोट ठेवून सांगितले, "हे हिंदी आहे, आणि ते आहे तसेच राहते." ब्रीदवाक्य हे नावासारखे असते, आपल्या भाषेच्या नियमात बसत नाही म्हणून कोणाच्या नावाचे अक्षर आपण बदलत नाही. त्यात दुसरी अडचण तांत्रिक होती. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मशीनवर भरले की त्याच्या पोकळ्या बुजतात, आणि देवनागरीत तर वर वेलांटी, अनुस्वार आणि मध्ये 'क्ति'सारखे जोडाक्षर. 'में'वरचा अनुस्वार मात्रेला चिकटून एक गोळा झाला. शेवटी फीत थोडी रुंद केली आणि अक्षरे हाताने भरली. एकपदरी धाग्याने, भिंग लावून, दोन संध्याकाळी.

आता सिंहांची गोष्ट. मामांना चिन्ह पूर्ण हवे होते, जसे फळीवर होते तसे, अशोकस्तंभासह. मी त्यांना थांबवले. राष्ट्राच्या राजमुद्रेच्या वापराबद्दल २००५ चा कायदा आहे. ती कोणी, कुठे आणि कशासाठी वापरायची यावर त्यात बंधने आहेत, परवानगीशिवाय केलेल्या गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि धंद्यातला वापर तर त्यात वेगळा सांगितलेला आहे. मी दुकानदार आहे. माझ्या मशीनवर सिंह निघाले तर उद्या कोणीही येऊन तेच मागेल आणि मला नाही म्हणता येणार नाही. पण कायद्याची भीती एवढेच कारण नव्हते. वरची जागा सार्वभौम सत्तेची आहे हे मी एव्हाना शिकले होते; तिथे एकेकाळी मुकुट होता आणि तो जाऊन सिंह यायला देश स्वतंत्र व्हावा लागला. त्या जागी काय बसवायचे हे वडगावच्या दुकानात ठरू नये, असे मला मनापासून वाटले. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तर वर काहीच नको. जागा रिकामी ठेव. पण जागा ठेव." मी वर चार बोटे निळे कापड मोकळे सोडले.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली. सुरुवातीला मामांची इच्छा होती की कोपऱ्यात लहानसे मिराज असावे. ज्या विमानाखाली उभे राहून हात काळे केले ते विमान त्यांना हवे होते, आणि मी तसा कच्चा आराखडा काढलाही होता. सिंहांचा निर्णय झाल्यावर त्यांनीच तो कागद परत दिला. १ क्रमांकाची स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत, ड्रिग रोडच्या तळावर, चार वापिटी विमानांनिशी उभी राहिली. पुढे लायसँडर आली, हरिकेन आली. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत, पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले अर्जन सिंग याच स्क्वाड्रनचे नेतृत्व करत होते. मग मिस्टेर, मग मिग-२१, मग मिराज. विमाने भंगारात जातात, संग्रहालयात जातात, आणि तुकडी चिन्हासकट पुढच्या विमानावर चढते. आमच्या शेजारी गोव्यात, दाबोळीला, नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रननेही सी हॉक, सी हॅरियर आणि मिग-२९के अशी तीन विमाने पाहिली आणि पांढरा वाघ तोच राहिला.

मामांनी मला त्या वेळी देवय्यांबद्दल सांगितले. स्क्वाड्रन लीडर देवय्या आपल्याच कर्नाटकातले, कोडगूचे, आणि १९६५ मध्ये याच स्क्वाड्रनमध्ये. ७ सप्टेंबरला मिस्टेर विमाने पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ल्याला निघाली तेव्हा ते राखीव होते, एक जागा मोकळी झाली म्हणून गेले, आणि परतीच्या वाटेवर आपल्या मिस्टेरपेक्षा कितीतरी वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी त्यांची झुंज झाली. ते परत आले नाहीत. त्यांनी ते स्टारफायटर पाडले हे आपल्याकडे कित्येक वर्षांनी कळले आणि महावीर चक्र जाहीर झाले ते १९८८ मध्ये, २३ वर्षांनंतर. मामा म्हणाले, "त्यांच्या छातीवर हाच वाघ होता. माझे मिराज त्यांनी पाहिलेसुद्धा नाही." विमानाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

काम दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पूर्ण झाले. मागे बकरमाचे कडक अस्तर लावले, कडेला हाताने गोफ शिवला आणि काचेची फ्रेम करून मी ती सांबऱ्याला घेऊन गेले. मामांनी जुनी फळी फेकलेली नव्हती. माळ्यावर उन्हात ठेवून ती वाळवली होती. ओल खालून चढलेली असल्यामुळे वाघाचा आणि फितीचा भाग उखडला होता, पण सर्वांत वरचे सिंह आणि त्यांच्या पायाशी असलेले 'सत्यमेव जयते' जवळजवळ शाबूत होते. ती फळी त्यांना स्क्वाड्रनने स्वतः दिलेली होती, तिच्यावरचे सिंह अधिकाराने तिथे होते. खिळा त्यांनी आधीच ठोकून ठेवला होता. फळी त्याच्यावर पुन्हा टांगली, आणि माझी फ्रेम तिच्या बरोबर खाली, आजोबांच्या तसबिरीच्या रेषेत धरून विचारले, "सरळ आहे काय बघ." मी दारापर्यंत मागे जाऊन पाहिले. डावी बाजू बोटभर खाली होती, तेवढी त्यांनी वर घेतली.